मालकांनी मोजलेली निवडणूक

आमच्या चाळीच्या भिंतीवर निवडणुकीचं पत्रक चिकटवायचं असेल, तर मालक चार आणे भाडं घेत आणि वर पावती देत. विनापावती पत्रक लागलं, तर स्वतः बादलीभर पाणी आणून ते खरवडून काढत. पक्ष कुठला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. भाईंदर पश्चिमेला गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाच्या नजरेला पडेल अशी ती भिंत होती, त्यामुळे कार्यकर्ते कुरकुरत का होईना, पण पैसे देत.

एकदा एकजण गळ्यात पडून म्हणाला, "मालक, तुम्ही तर आपलेच. आपल्या माणसाकडून भाडं घेणार?"

"फुकट भिंत दिली तर ती देनगी झाली," मालक म्हणाले. "तुजा उमेदवार ती हिशेबात लिवनार हाय काय? न्हाय ना? मग चार आने काढ."

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बाबा कारखान्यात होते, मुंबईतली भाडी परवडेनात म्हणून सहासष्ट साली भाईंदरला आलो. आठ खोल्यांची ती चाळ मालकांची. स्वतः ते जवळच्याच मोरवा गावचे, राहायला चाळीलगतच्या घरात, जुन्या घराण्यातले, भातशेती आणि मिठागरात वाटा असलेले. पण पैसेवाल्या माणसाचा तोरा त्यांच्यात नव्हता. उमेदीची वीस वर्षं त्यांनी मिठागरावर मापारी म्हणून काढली होती. आगरातून मीठ निघून होड्यांत भरलं जायचं, तेव्हा किती टोपल्या गेल्या ते मोजायचं, एवढंच ते काम. टोपली अर्धी भरणारे, एक टोपली दोनदा मोजायला लावणारे, बोलण्यात गुंतवून आकडा चुकवणारे, असे सगळे नग त्यांनी बघितले होते. त्या कामानं त्यांना एक सवय कायमची लावली. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सतत फिरत असायचा. बोलताना, चालताना, देवळात हात जोडलेले असतानासुद्धा. बुटकं, रुंद शरीर, डोक्याला रुमाल आणि सदऱ्याच्या खिशात लांबट वही.

"मोजलं न्हाय तवर बोलू नको," असं ते कुणालाही ऐकवत. बाबांनी एकदा म्हटलं, "या वर्षी डास फार आहेत." मालकांनी विचारलं, "किती?" आणि ते गंमत करत नव्हते.

मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि फोर्टातल्या एका कंपनीत चिकटले. सदुसष्टच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. एक दिवस साहेबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. कंपनीतर्फे एका पक्षाला देणगीचा चेक जोडला होता. चेकवरचा आकडा बघून मी दोनदा शून्यं मोजली. घरी येऊन मी आईला ते सांगत होते, तेवढ्यात मालक भाडं घ्यायला दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं आणि भाडं विसरून उंबऱ्यावरच बसले.

"कंपनीला मत असतंय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"कंपनीची पोरं शालेत जातात?"

"नाही हो, मालक."

"घरात पानी भराला लागतं तिला? दवाखान्यात जाते?"

मी हसून मान हलवली.

"मग तिला सरकारकडून पायजे तरी काय, म्हनून ती यवडे पैसे देते?"

ते उठून गेले. अर्ध्या तासानं परत आले, ते पुढचा प्रश्न घेऊनच. "हे कायद्यात बसतं?" मी ऑफिसात ऐकलं होतं तेवढं सांगितलं. बसतं, मर्यादेत बसतं, आणि कंपनीच्या वर्षाच्या हिशेबात ती रक्कम छापावी लागते. "छापतात?" त्यांचा चेहरा जरा सैलावला. "निदान छापतात."

त्या दिवसापासून निवडणुकीचा पैसा हा त्यांचा ध्यास झाला. मी त्यांची टायपिस्ट झाले, तीही बिनपगारी. म्हणजे पगार मीच घेतला नाही, ते दर पानाचे पैसे मोजून समोर ठेवत आणि मी ते परत ढकलत असे. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, "पोरीची मेहनत, देणगीदाखल," आणि माझी सही घेतली.

कंपन्यांनी पक्षांना पैसे देण्यावर बंदी आणायचं विधेयक संसदेत आलं, तेव्हा तर त्यांना अंगात वारं शिरल्यासारखं झालं. 'विधेयक' हा शब्द ते असा उच्चारत, की जणू एखाद्या लाडक्या भाचीचं नाव. फोर्टातल्या सरकारी प्रकाशनांच्या दुकानातून मी त्याची इंग्रजी प्रत आणली. मालकांचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि त्यांनी मध्येच हात वर करून थांबवायचं. "हितं 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' म्हनलंय? परत वाच. ह्यो अप्रत्यक्ष फार कामाचा शब्द हाय." काकी, म्हणजे मालकांची बायको, बाजूला सुपात तांदूळ निवडत असायच्या. त्या म्हणायच्या, "पोरीचं लगीन करायचं सोडून तिला कायदा शिकवताय."

एकोणसत्तरला कायदा झाला. मालकांनी आठही खोल्यांत पेढे वाटले. काकींनी विचारलं, "कुनाचं बारसं?"

"कंपन्यांचं तोंड बांधलं सरकारनं," मालक म्हणाले आणि सबंध पेढा तोंडात टाकला.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं मी ऑफिसात वेगळीच पत्रं टाइप करायला लागले. कुठल्याशा स्मरणिकेत कंपनीची पानभर जाहिरात. मग दुसऱ्या स्मरणिकेत. या स्मरणिका कोण काढतं, कोण वाचतं, कुणाला ठाऊक. आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवायची, त्यांची जाहिरात वाचून ते विकत घेणारा माणूस स्मरणिका कशाला चाळेल? पण एका पानाचा दर असा, की तेवढ्यात आमच्यासारख्या दोन चाळी उभ्या राहतील. मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी मालकांना सांगितलं. पेढे वाटलेला माणूस, त्याला वाईट वाटेल याची मला धास्ती होती.

वाईट वाटायच्या ऐवजी त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे भोक सापडलं. जाहिरातीच्या नावानं पैसे पक्षालाच. खेकडा बांधाला भोक पाडतो, वरून बांध साबूत दिसतो, आन सकाळी बघावं तर आगर पान्यानं भरलेलं. आता ते भोक बुजवायचं. पयलं निदान छापत तरी होते गं."

योगायोगानं त्याच सुमाराला दिल्लीत निवडणूक कायद्यातल्या सुधारणांसाठी एक समिती बसली आणि लोकांकडून निवेदनं मागवल्याचं पेपरात आलं. मालकांनी ती बातमी कापून वहीत ठेवली. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी ते मागच्या ओट्यावर येरझारा घालत सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. पक्षानं केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरावा. मित्रांनी केलेला धरावा. गावोगावच्या चावडीवर प्रत्येक उमेदवाराचा हिशेब लोकांना वाचता येईल अशा अक्षरात लावावा. स्मरणिकेचा मुद्दा मात्र आलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "तो नको. ते कुटून कललं म्हनून कोनी विचारलं तर तुजी नोकरी जाईल. तुज्या बापाला तो पगार लागतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्याच यंत्रावर, मी ते निवेदन टाइप केलं. सहावा मुद्दा संपला आणि माझी बोटं थांबली. पाठीमागे साहेबांची केबिन होती. सातवा मुद्दा मी माझ्या मनानं लिहिला. स्मरणिकेतली जाहिरात ही देणगी समजावी. कंपनीचं नाव घातलं नाही. मालकांनी प्रत न वाचताच सही केली, कारण इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

महिन्याभरानं दिल्लीहून पोहोच आली. एक छापील कार्ड, त्यावर निवेदनाचा क्रमांक. काकींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्यालाही हळदकुंकू वाहिलं. त्या आनंदात मालक म्हणाले, आपलं निवेदन पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून दाखव. मी जवळची कार्बन प्रत काढून मराठीत सांगत गेले. सातव्या मुद्द्यावर त्यांचा अंगठा पेरावर थांबला.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"नाही. मी लिहिलं."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "मग खाली सही कर. आता आपन दोगं निवेदनकर्ते."

त्या कार्बन प्रतीवर पेन्सिलीनं केलेली सही, ही माझ्या आयुष्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली सही. लग्नाच्या नोंदणीतलीही त्यानंतर.

बहात्तरची विधानसभा आली आणि ध्यास घरात शिरला. काकींचा धाकटा भाऊ उमेदवार म्हणून उभा राहिला. खाडीतून रेती काढून विकायचा त्याचा धंदा, त्यात बऱ्यापैकी कमावलं होतं. चाळीत सगळे त्याला शेठ म्हणत. आई लवकर गेली म्हणून काकींनीच त्याला वाढवलेला. पहिल्यांदा जीपमधून हार घालून तो आला, तेव्हा काकी त्याच्याकडे अशा बघत होत्या, की मलाच भरून आलं. त्यांनी मालकांना सांगितलं, "माझ्या भावाच्या मानसांचं जेवान माझ्या अंगनात होनार."

मालक म्हणाले, "अंगन तुजं पन हाय. होऊ दे."

जेवण झालं. दोन दिवस चुली पेटत्या होत्या. मालक पंगतीच्या टोकाला पाट घेऊन बसले आणि पत्रावळी मोजत राहिले. पुढचे तीन आठवडे ते दिसतील त्या सगळ्याची मोजणी करत होते. जीप किती, कर्णे किती, रंगवलेल्या भिंती किती, बायकांना वाटलेली लुगडी किती. शेठला त्याची मजा वाटे. जीपमधून हात हलवून म्हणायचा, "लिहा दाजी, लिहा. आमच्या माणसांना तर हिशेब ठेवता येत नाही."

शेठ निवडून आला. गुलाल उधळला. काकींनी ओवाळलं. मालकांनीही त्याला नारळ दिला, मिठी मारली, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजायला लागले. निकालानंतर तीस दिवसांत उमेदवारानं खर्चाचा हिशेब ठाण्याच्या जिल्हा कचेरीत द्यायचा असतो, हे त्यांना पाठ होतं. आणि त्याहून भारी गोष्ट त्यांनी नियमांत शोधून काढली होती. एक रुपया भरला, की कुणीही माणूस तो हिशेब बघू शकतो.

"कोनी पन," ते मला म्हणाले. "वकील न्हाय, सायेब न्हाय. कोनी पन. मी पन. तू पन. एका रुपयात." अडतीस वर्षांच्या संसारात नाटकाला न गेलेला हा माणूस, ठाण्याला निघताना नाटकाला निघाल्यासारखा दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून उभा होता. मी रजा काढली. काशीमिऱ्याच्या नाक्यावरून एसटी पकडली आणि घोडबंदर रस्त्यानं गेलो. सबंध वाटेत ते रुपयाचं नाणं मुठीत धरून होते. काकींनी भाकरी बांधून दिली होती. जमिनीच्या कामाला चाललोय, असं त्यांना वाटत होतं.

कचेरीतला कारकून तरुण होता. मालकांनी रुपया टेबलावर ठेवून हिशेब बघायला मागितला. त्यानं वर बघितलं. "कशासाठी?"

"बघायसाठी."

"आजपर्यंत कुणी मागितला नाही काका."

"मी मागतोय."

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं, पान उलटलं, मग आणखी एकाला बोलावलं. दोघांनी बोट ठेवून वाचलं. "आहे की खरंच," तो म्हणाला आणि एकदम उत्साहात आला. पावतीपुस्तक शोधायलाच पंधरा मिनिटं गेली. पावती क्रमांक एक. मालकांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

मग फाइल आली. सात पानं. मी वाचत गेले, मालक आपल्या वहीवर पेन्सिल धरून बसले. जीप एक. कर्णा एक. पत्रकं, चहा, पेट्रोल. बेरीज मर्यादेच्या आत, अगदी सुबक. "आनि जेवान?" मी पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं. जेवण नव्हतं. लुगडी नव्हती. बाकीच्या जीप नव्हत्या.

"ते मित्रमंडळानं केलं असेल, पक्षानं केलं असेल," कारकून हळू आवाजात म्हणाला. "तो खर्च उमेदवाराचा धरत नाहीत."

"भात खाल्ला तो कुनाच्या नावानं? मित्रमंडलाच्या?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी कागद मागितला आणि तिथंच बाकावर बसून मला अर्ज लिहायला सांगितला. वहीतली प्रत्येक नोंद त्यात घातली. शेवटी म्हणाले, "आता लिही. वरील जेवन अर्जदाराच्या अंगनात झालं. भांडी अर्जदाराची. लाकडं अर्जदाराची. सैंपाक अर्जदाराच्या बायकोनं केला. याची किंमत उमेदवाराच्या खर्चात धरावी."

कारकुनानं अर्ज वाचला. "काका, यात तुम्ही स्वतःलाच अडकवताय."

"भात माज्या अंगनात शिजला, तर माजं नाव येनारच."

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. चेहरा लाल झालेला, डोळे पाणावलेले. मला वाटलं, रडतायत. तर म्हणाले, "पावती क्रमांक एक. पोरी, ह्या जिल्ह्यात आपन पयले."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. मित्र आणि पक्ष यांनी केलेला खर्च हिशेबात येत नसल्यानं कार्यवाहीची गरज नाही. ते उत्तर येण्याआधीच अर्जाची बातमी शेठला लागली होती. तो चाळीत आला, अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही माझे का परके?"

"तुजाच," मालक म्हणाले. "परक्याच्या हिशेबाला मी एसटीनं कशाला जाऊ?"

शेठ निघून गेला. काकी दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या मालकांशी बोलल्याच नाहीत. अडीच वर्षं. सांगायचं असेल ते आम्हा भाडेकरूंमार्फत. मी घरात असले की काकी माझ्याकडे तोंड करून म्हणत, "पोरी, सांग, भात वाढलाय." मालक दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. मी सांगत असे, "मालक, भात वाढलाय." आणि मालक म्हणत, "सांग, येतोय." माझं लग्न दोन गल्ल्या पलीकडच्या मुलाशी झालं, त्याला माझी आई म्हणाली, "बरं झालं, जवळच आहे, नाहीतर त्या दोघांचं कसं झालं असतं." पण मालकांनी त्या अर्जाबद्दल एकदाही माफी मागितली नाही, आणि काकींच्या रागाबद्दल एकदाही वाईट बोलले नाहीत. "तिनं वाढवलाय त्याला," एवढंच म्हणत.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात एक सकाळ अशी आली, की मी ऑफिसात पेपर उघडला आणि उभी राहिले. सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता. पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरायचा. मालकांचा पहिला मुद्दा. जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. नोकरीत पहिल्यांदा मी डोकं दुखतंय असं खोटं सांगितलं आणि निघाले. मालक मिठागराच्या बांधावर होते. मी चपला हातात घेऊन बांधावरून धावत गेले, साडीचा काठ चिखलानं भरला. त्यांना बातमी वाचून दाखवली. ते बांधावर बसले.

"परत वाच."

मी परत वाचली. तिसऱ्यांदाही वाचली. आगरातली माणसं काम सोडून जमली. मालक त्यांना सांगत होते, "न्यायाधीशांनी मान्य केलं. भात कुनाच्या नावानं खाल्ला ते इचारलं त्यांनी." कुणाला काही समजलं नाही, पण मालकांचा चेहरा बघून सगळेच हसायला लागले. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "काकीला सांग, आपन बरोबर होतो." मी सांगितलं. काकींनी माझ्याकडे बघून म्हटलं, "सांग, बरोबर होते ते मना पन म्हाईत व्हतं. म्हनून तर राग व्हता."

तो आनंद पंधरा-वीस दिवस टिकला. मग सरकारनं वटहुकूम काढला. पक्षानं, मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. न्यायालयाच्या निकालाआधीपासूनच धरायचा नाही, असं समजायचं. मी ती बातमी वाचून दाखवली आणि मालकांचा अंगठा पेरावरून सुटला. ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले. दुपार झाली, उन्हं कलली, उठले नाहीत. बाबा जाऊन आले, मी जाऊन आले. शेवटी काकी पदर खोचून विहिरीवर गेल्या आणि अडीच वर्षांनी थेट नवऱ्याशी बोलल्या.

"उठा. सरकारनं तुमच्याशी बोलनं सोडलं म्हनून उपाशी र्‍हाताय? मी सोडलं तवा तर दोन येळा जेवत व्हता."

मालकांनी वर बघितलं. आणि ते खदखदून हसले. जेवताना त्यांनी मला विचारलं, "वटहुकमाचं पुढं विधेयक आनावं लागतं ना? मग खासदारांना पत्रं लिवायला येल हाय आजून." आम्ही चाळीस पत्रं पाठवली. विधेयक मंजूर झालं. पुढं आणीबाणी आली, बाबांनी मला हात जोडून टायपिंग थांबवायला सांगितलं, आणि मोजायला निवडणूकही उरली नाही.

सत्त्याहत्तरला ती अचानक जाहीर झाली. गेलं दीड वर्ष गप्प असलेलं भाईंदर एका आठवड्यात बोलायला लागलं. विरोधी बाजूच्या उमेदवाराची सभा बंदराजवळच्या मोकळ्या जागेत ठरली. त्यांच्याकडे ना जीप, ना पैसे. सभेत चादर फिरवून लोकांकडूनच जमवायचे, असं इतर गावांत चाललं होतं. आयोजक शाळेतले एक मास्तर होते. ते मालकांकडे आले. "पैसे मोजायला विश्वासाचा माणूस हवा. तुमच्यावर दोन्ही बाजूंचे विश्वास ठेवतात."

"मोजीन," मालक म्हणाले. "पन आकडा माइकवर सांगनार. मांडवाचं, माइकचं भाडं पन सांगनार. आनि रुपयाच्या वर कोनी दिलं तर नाव आनि पैसे कुटले ते इचारनार."

मास्तर घाबरले. पण दुसरा कुणी नव्हता.

संध्याकाळी एवढी माणसं आली, की मास्तरांनाच खरं वाटेना. मोरव्याचे, कोळीवाड्यातले, रेल्वेपलीकडचे, बायका मुलांना कडेवर घेऊन. भाषणं झाली. मग चादर निघाली. चौघांनी चार टोकं धरली आणि ती गर्दीतून फिरायला लागली. पाच पैसे, दहा पैसे, चाराणे पडत होते. खुळखुळाट ऐकू येत होता. लोक पुढं सरकून सरकून टाकत होते, कुणी मागितल्याशिवाय. मी मालकांकडे बघितलं. व्यासपीठाच्या कडेला टेबल, पुढं वही, अंगठा पेरांवर. इतकी वर्षं ज्यांनी पैसा कुठून आला ते शोधलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तो येत होता. कोणाच्या खिशातून येतोय ते सगळ्यांना दिसत होतं.

रुपयाच्या वर देणारे टेबलापाशी येत. मालक विचारत, ते सांगत. एकानं बोनसमधले दिले. एका कोळ्यानं म्हटलं, आजच्या मासळीचे. मालक ते माइकवर सांगत, आणि लोक टाळ्या वाजवत. नावं ऐकायला लोक थांबून राहिले होते. भाषणांनासुद्धा एवढी शांतता नव्हती.

आणि गर्दी बाजूला सारत काकी आल्या. मालक गोंधळले. शेठ तर उघडपणे दुसऱ्या बाजूला काम करत होता. काकींनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि पाच रुपयांची नोट टेबलावर ठेवली.

मालकांनी वहीत लिहिलं आणि माइकवर म्हणाले, "घरून, पाच रुपये."

"घरून न्हाय," काकी म्हणाल्या. "माझे हायत. नाव लिवा."

माइक चालूच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. मी दहा वर्षं त्या घरात वावरत होते. काकींचं नाव मला ठाऊक नव्हतं. मालकांच्या तोंडून ते कुणीच ऐकलेलं नव्हतं, आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेतच नसे.

"भावाचं काय?" मालकांनी हळूच विचारलं. तेही माइकनं पकडलं.

"मत कुनाला दीन ते माझं मी बघीन. ते झाकून असतं. पैसे उघड्यावर देनार."

मालकांनी 'घरून' खोडलं आणि लिहायला लागले. मग ते उभे राहिले, रुमाल सारखा केला, माइक जवळ ओढला.

"पैसे कुटले?" त्यांनी सगळ्यांना विचारलं तसंच विचारलं.

"अंड्यांचे."

"चांगुणाबाई," मालक म्हणाले. "अंड्यांचे. पाच रुपये."